पाच नंबरची जागा

वन्यप्राणी अभ्यास केंद्राच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत तक्तेबाई बसत. तक्ते हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. डोंगरातून येणारे फॉर्म संगणकात भरायचे आणि त्यांचे तक्ते तयार करायचे, हे काम त्या एकोणीस वर्षं करत होत्या. कुणीतरी गमतीने ठेवलेलं नाव त्यांना चिकटलं ते चिकटलंच. खरं आडनाव फक्त हजेरीपटावर उरलं.

फॉर्म कधी ओले होऊन वाळलेले असत, कधी त्यांना स्टोव्हची काजळी लागलेली असे. अक्षरावरून त्या दिवशी वर किती गारठा होता हे बाईंना कळे, कारण थंडीत माणसाचे आकडे मोठे आणि वाकडे येतात. डोंगर मात्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. रानशेळी पाहिली होती ती भिंतीवरच्या फोटोत.

त्या वर्षी मोसम सुरू व्हायला अकरा दिवस उरले असताना केंद्रातली तरुण संशोधक पडली. दोन मोसम कड्यांवरून फिरलेली ती मुलगी ऑफिसच्याच जिन्यावरून घसरली आणि घोट्याचं हाड मोडून बसली. हाडापेक्षा त्या जिन्याचंच तिला जास्त लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी केंद्रप्रमुख मॅडम स्वतः बाईंच्या खोलीत आल्या. एरवी त्या निरोप धाडत.

"बाई, तुम्ही जाल का?"

"कुठे?" बाईंना वाटलं, खालून कागद आणायला.

"वर. तीन महिने. मोजायला दोन माणसं लागतातच, आणि तो फॉर्म तुमच्याइतका कुणालाच पाठ नाही. बाकीचं अण्णा शिकवतील."

दोन माणसं लागतात ती अशी: एकाच जागेवर बसून दोघांनी एकाच वेळी, एकमेकांशी न बोलता प्राणी मोजायचे. मग दोघांचे आकडे ताडून पाहिले, की नजरेतून किती सुटले असतील याचा अंदाज येतो. तक्त्यातले हे दोन रकाने बाईंनी हजारो वेळा भरले होते.

त्या एक्कावन्न वर्षांच्या होत्या. विचार करून सांगते म्हणाल्या आणि संध्याकाळी घरी गेल्या. त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करत. घरातल्याच पुढच्या खोलीत त्यांचं टेबल होतं. डोळ्याला लावलेलं भिंग न काढताच त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुला जायचंय का?" त्यांनी विचारलं.

"जायचंय बहुतेक."

"मग बहुतेक कशाला?"

मुलगी फोनवर म्हणाली, "आई, तुला जिना चढताना दम लागतो."

"तिथे जिने नाहीत," बाई म्हणाल्या.

पुढचे आठ दिवस त्या सॅक पाठीला लावून, आत तांदळाचे डबे भरून, सकाळी टेकडीवर चढत राहिल्या. शेजाऱ्यांना वाटलं, घरात काहीतरी बिनसलंय.

रस्ता जिथे संपतो तिथे बस थांबली. पुढे तीन दिवसांची पायवाट होती. सामान खेचरांवर आणि रोजचं लागणारं आपापल्या पाठीवर. अण्णा तिथे उभे होते. वय एकसष्ट, अंगाने काटकुळे, चेहरा वाऱ्याने चामड्यासारखा झालेला. सत्तावीस मोसम त्यांनी वर काढले होते आणि त्यातल्या एकोणीस मोसमांचं त्यांचं अक्षर बाईंच्या ओळखीचं होतं. माणूस मात्र पहिल्यांदाच दिसत होता. अण्णांनी बाईंची सॅक उचलली, खाली ठेवली, उघडली आणि आतून एक छत्री बाहेर काढली.

"ही कशाला?"

"ऊन लागेल म्हणून."

"वर वारा छत्री घेऊन जातो," अण्णा म्हणाले. "सोडली नाहीत तर तुम्हालाही नेईल."

छत्री बसस्टँडवरच्या टपरीत राहिली.

वर दगडी भिंतींची, पत्र्याच्या छपराची एक खोली होती. दोन बाकं, एक स्टोव्ह, एक वायरलेस. मध्ये जाड पडदा. पडद्याच्या एका बाजूला अण्णा, दुसऱ्या बाजूला बाई. पंधरा दिवसांनी एकदा खेचरवाला यायचा, बटाटे आणि रॉकेल टाकून भरलेले फॉर्म खाली न्यायचा. टेहळणीच्या सात जागा होत्या आणि मोसमात त्यांच्या तीन फेऱ्या करायच्या होत्या. कागदावर एक ते सात असे सरळ वाटणारे आकडे प्रत्यक्षात एकमेकांपासून अर्ध्या अर्ध्या दिवसाच्या अंतरावर आहेत, हे पहिल्याच आठवड्यात बाईंच्या पोटऱ्यांना कळलं.

पहिल्या दिवशी एक नंबरवर त्यांनी नऊ रानशेळ्या मोजल्या. अण्णांनी चौदा.

"पाच कुठे गेल्या?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही शेळ्या शोधत होतात. मी दगड बघत होतो. ज्या दगडाचा कान हलतो तो दगड नव्हे."

हळूहळू त्यांची नजर बसली. तिसऱ्या जागेपर्यंत दोघांचे आकडे एकदोनच्या फरकावर आले. अण्णा शिकवायचे छान. रागावणं नाही, उगाच शाबासकीही नाही. चढावर ते बाईंच्या पुढे असत, पण उतारावर फार सावकाश चालत, काठी टेकत, प्रत्येक पाऊल आडवं टाकत. आपल्यासाठी थांबतात बिचारे, असं बाईंना वाटे आणि मनातून अवघडल्यासारखं होई.

शेळ्या मात्र कमी होत्या. एक ते चार या जागांचे आकडे गेली सहा वर्षं घसरत होते, हे बाईंना तोंडपाठ होतं. यंदा ते आणखी घसरले. टिकून होता तो फक्त पाच नंबर. तेवीस, एकवीस, चोवीस, बावीस. तक्ते भरताना पाच नंबरची ओळ आली की बाईंना बरं वाटे. घरातल्या शहाण्या मुलासारखी ती ओळ कधी त्रास देत नसे.

पाच नंबरला अण्णा एकटेच जात. तिथे बसायला कड्यावर एकाच माणसापुरती कपार होती, आणि वाट सुट्या दगडांच्या उतारावरून होती. नवख्याने जाऊ नये असं पूर्वीच ठरलेलं. त्यामुळे फॉर्मवर त्या जागेच्या दुसऱ्या रकान्यात "एकच निरीक्षक" असं लिहिलेलं असे.

पहिल्या फेरीत अण्णा पहाटे पाच नंबरकडे निघाले. बाईंना त्यांनी चार नंबरवर बसवलं होतं. एकट्याने मोजायचा सराव करा म्हणाले. दहाच्या सुमारास बाईंनी स्टँडवरची मोठी दुर्बीण सहज खालच्या ओढ्याकडे वळवली. ओढ्याच्या वळणावर, मोठ्या दगडाला टेकून, अण्णा बसले होते.

दम खात असतील, असं त्यांना वाटलं. अर्ध्या तासाने पाहिलं तर ते तिथेच. त्यांनी डाव्या पायातला बूट काढला होता, पँट गुडघ्याच्या वर दुमडली होती आणि पाय ओढ्याच्या गार पाण्यात सोडला होता. गुडघा दुर्बिणीतूनही सुजलेला दिसत होता. बारा वाजता त्यांनी डबा खाल्ला. एक वाजता खिशातून फॉर्म काढला, पेन्सिल जिभेला लावली, बराच वेळ आभाळाकडे पाहिलं आणि लिहायला लागले. पाच नंबर तिथून वर दोन तासांवर होता.

संध्याकाळी खोलीवर अण्णांनी फॉर्म बाईंच्या हातात दिला. बावीस. त्यात करडं सहा.

"वारा होता का वर?" बाईंनी विचारलं.

"होता थोडा."

बाईंनी फॉर्म फाइलमध्ये लावला आणि बटाटे सोलायला घेतले.

पुढचे बरेच दिवस त्या मूग गिळून राहिल्या. अण्णांबरोबर सहा, सात नंबर झाले. दुसऱ्या फेरीचे एक, दोन, तीन झाले. काम सुरळीत होतं. अण्णा सकाळी चहा करून कप पडद्याखालून आत सरकवत. बाई त्यांचे फाटलेले हातमोजे शिवून देत. पण डोक्यात एकच घोळत होतं. सहा वर्षांच्या अठरा फेऱ्या. ते अठराही आकडे बाईंनी आपल्या हाताने भरले होते. आणि आणखी एक गोष्ट होती, जी त्यांनी कुणाला सांगितली नव्हती: तीन वर्षांपूर्वी त्यांच्या लक्षात आलं होतं की खऱ्या प्राण्यांचे आकडे इतके शहाण्यासारखे वागत नाहीत. विचारावं, असं एका दुपारी मनात आलंही होतं. पण मग जेवणाची सुट्टी संपली आणि त्यांनी पुढचा फॉर्म घेतला.

दुसऱ्या फेरीत पाच नंबरचा दिवस आला तेव्हा त्या अण्णांच्या आधी बूट बांधून बसल्या होत्या.

"आज मी जाते पाचला," त्या म्हणाल्या.

अण्णा स्टोव्हला पिन मारत होते. त्यांचा हात थांबला. "तुम्हाला तिथे जायचं कारण नाही. वाट वाईट आहे."

"तुम्ही खालून बघा. ओढ्याच्या वळणावरून सगळी वाट दिसते."

अण्णांनी पिन खाली ठेवली. मग अण्णा उठले, कोपऱ्यातली दोरी आणि स्वतःची काठी त्यांनी बाईंना दिली. "सुट्या दगडांवर डावीकडून जा. थांबू नका. थांबलात की दगड निघतात."

ते ओढ्यापर्यंत बरोबर आले. पुढे बाई एकट्या गेल्या. सुट्या दगडांच्या उतारावर दोनदा त्यांच्या पायाखालची जमीन सरकली; पण थांबायचं नाही हे लक्षात ठेवून त्या चालत राहिल्या. अडीच तासांनी कपार लागली. कपारीत गवत उगवलं होतं, आणि बरीच वर्षं तिथे कुणी बसलं नव्हतं हे सांगायला कुणाची गरज नव्हती.

समोरचा उतार पाहून मात्र त्या दुर्बीण लावायचंच विसरल्या. गेल्या काही वर्षांत बर्फ लवकर वितळत असावं. कागदावर जो भाग "खडक" होता तिथे आता गवताचा हिरवा पट्टा होता. त्या पट्ट्यावर शेळ्या होत्या. कान हलणारे दगड शोधायची गरज नव्हती. त्या चरत होत्या, बसल्या होत्या, करडं एका शिळेवरून दुसरीवर उड्या मारत होती. बाईंनी डावीकडून उजवीकडे मोजलं, मग उजवीकडून डावीकडे, मग तासाभराने पुन्हा. सदुसष्ट.

खालच्या जागांवरून ज्या नाहीशा झाल्या असं केंद्र सहा वर्षं लिहीत आलं होतं, त्यातल्या बऱ्याचशा इथे होत्या. त्या फक्त वर सरकल्या होत्या.

बाई उतरल्या तेव्हा उन्हं कलायला लागली होती. अण्णा ओढ्याजवळ उभे होते; बसले नव्हते.

"सदुसष्ट," बाई म्हणाल्या.

अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलं. काहीतरी सारवासारव करतील, निदान चेहरा पडेल, असं बाईंना वाटलं होतं. अण्णांनी विचारलं, "करडं किती?"

"तेवीस."

"तेवीस," अण्णा म्हणाले आणि दगडावर टेकले. मग सांगायला लागले, तेही बाईंकडे न बघता. सहा वर्षांपूर्वी गुडघा गेला. चढता येतं, पण त्या दगडांवरून उतरता येत नाही. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं. घरी मुलगा, सून. दोघं चांगली आहेत, पण सकाळी उठून कुठे बसावं हेसुद्धा त्या घरात कळत नाही. इथे निदान वाटा ओळखतात.

"आकडे उगाच नाही टाकले मी," ते म्हणाले. "आधीचं बघून, हवा बघून लिहायचो. ज्या वर्षी बर्फ उशिरा गेलं त्या वर्षी दोन कमी केल्या होत्या."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "एकवीस."

"हो. एकवीस."

"अण्णा, हे सांगावं लागेल."

"सांगा."

"मी नाही. तुम्ही. तुमच्या अक्षरात."

अण्णांनी मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून ते त्या दिवशी समजलं नाही. खेचरवाला यायला नऊ दिवस होते. पाच दिवस खोलीत कामापुरतंच बोलणं झालं. चहाचा कप येत राहिला. सहाव्या दिवशी अण्णा म्हणाले, "एकदा बघायचं होतं मला."

मग दोघांनी पाच नंबरला जायचं ठरवलं. तंबू घेऊन निघाले, सकाळी ओढ्यापर्यंत, दुपारी उतार. चढताना अण्णा पुढे होते आणि पायाखालची वाट असल्यासारखे चालत होते. कपारीत एकच माणूस मावत असल्यामुळे दोघं आळीपाळीने बसली, तासातासाने, एकमेकांना न सांगता. बाईंचा आकडा चौसष्ट, अण्णांचा एकोणसत्तर. पाच नंबरच्या फॉर्मवर दुसरा रकाना पहिल्यांदा भरला गेला. उतरायला मात्र दीड दिवस लागला. सुट्या दगडांवर अण्णा बसून, हात टेकून, इंचाइंचाने खाली आले. दोरीचं दुसरं टोक बाईंच्या कमरेला होतं. एका ठिकाणी वेदनेने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी दुसरीकडे पाहिलं.

पत्र त्यांनी दुसऱ्या दिवशी लिहिलं. एक पानही भरलं नाही. कोणत्या वर्षी कोणत्या फेरीत कोणता आकडा मनाने लिहिला ते सगळं ओळीने होतं, आणि शेवटी दोन ओळींत कारण. बाईंनी ते वाचलं आणि खाली स्वतःचा एक परिच्छेद जोडला: तीन वर्षांपूर्वी शंका आली होती, विचारलं नाही. अण्णा म्हणाले, "हे कशाला? तुमचा काय संबंध?" बाईंनी पाकीट बंद केलं आणि खेचरवाल्याकडे दिलं.

चार दिवसांनी वायरलेसवर मॅडमचा आवाज आला. तो शांत होता, म्हणजे त्या फारच चिडल्या होत्या. मोसम अर्ध्यात सोडायचा नाही. उरलेल्या फेरीत पाच नंबरला दोघांनी जायचं, अण्णा ओढ्यापर्यंत आणि बाई वर. प्रत्येक फॉर्मवर दोघांच्या सह्या. बाकीचं खाली आल्यावर. अण्णांनी "हो मॅडम" एवढंच म्हटलं आणि तिसरी फेरी त्यांनी तशीच पार पाडली, एका आकड्याचीही गडबड न करता.

खाली आल्यावर जे व्हायचं ते झालं. केंद्राने दोन अहवाल मागे घेतले. अण्णांचं डोंगरातलं काम बंद झालं, यापुढे कुठल्याही फॉर्मवर त्यांची सही चालणार नव्हती. मॅडमनी त्यांना तळमजल्यावरच्या सामानघरात काम देऊ केलं: तंबू, दोऱ्या, बूट दुरुस्त करायचे. अण्णा नाही म्हणून घरी गेले आणि दोन महिन्यांनी, कुणाला न सांगता, एका सोमवारी सामानघरात येऊन बसले. बाईंना मॅडमनी बंद दाराआड अर्धा तास सुनावलं. काय सुनावलं ते बाईंनी यजमानांनाही पुरतं सांगितलं नाही. पुढच्या मोसमात जाणार का, हेही मॅडमनी त्याच अर्ध्या तासात विचारलं होतं, तेवढं सांगितलं.

तो हिवाळा बाईंनी तक्ते दुरुस्त करण्यात घालवला. अठरा चौकटी रिकाम्या केल्या. काम एका तासाचं होतं. पण त्या चौकटींवर बेतलेल्या सगळ्या बेरजा, सरासऱ्या, आलेख मागे मागे जाऊन शोधायला तीन महिने लागले.

सर्वांत जास्त नुकसान झालं ते घोटा मोडलेल्या संशोधक मुलीचं. तिचा प्रबंध छापायला जायच्या बेतात होता आणि रानशेळ्या कमी होत आहेत, हाच त्याचा पाया होता. तिला सगळं पुन्हा लिहावं लागलं. दोन मोसम जिला दुर्बीण धरायला अण्णांनी शिकवलं होतं ती मुलगी आता सामानघरावरून जाताना मान वळवत असे. बाईंशी ती बोलायची, पण मोजून. अण्णांनी एकदा तिला जिन्यात गाठून माफी मागितली. "ऐकलं," असं म्हणून ती वर गेली.

दुपारी चार वाजता बाई चहा घेऊन सामानघरात जात. अण्णा गुडघ्यावर पट्टा बांधून उंच स्टुलावर बसलेले असत. दोघं बहुधा गप्पच बसत. कधी दोऱ्याच्या जाडीबद्दल बोलत, कधी अण्णांच्या नातवाच्या शाळेबद्दल.

मोसमाच्या आधी तीन आठवडे, अशाच एका दुपारी, संशोधक मुलगी दारात आली. तिच्या हातात डोंगरातले बूट होते. उजव्याचा तळ पुढून सुटला होता. तिने ते काही न बोलता टेबलावर ठेवले आणि निघून गेली. अण्णांनी बूट उलटा करून पाहिला, जुना चिकटवा खरवडून काढला आणि टाके घालायला घेतले. दोन दिवस ते त्याच बुटावर होते.

त्यानंतरच्या आठवड्यात बाईंनी विचारलं, "बूट नेले का तिने?"

"नेले."

"काही बोलली?"

"नाही," अण्णा म्हणाले. ते दोरीची गाठ सोडवत होते. "इथेच घालून चार पावलं चालली. परत काही आणले नाहीत."